उत्प्रेरक ‘खर्च’ होत नाही, पण निकामी होतो

सध्या फिरत असलेल्या मजकुराचा सारांश असा: उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, त्यामुळे गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी घातक करणारा, सायलेन्सरच्या नळीतला डबा) खराब होऊच शकत नाही. आत फक्त काजळी साचते. एक्स-रे गन (मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) लावा, उत्प्रेरकाचं काम करणारं प्लॅटिनम तिथेच दिसेल. धुऊन घ्या, नव्यासारखा होईल.

‘खर्च होत नाही’ हे शाळेतलं वाक्य खरं आहे, पण काम करतात ते फक्त धातूच्या कणाच्या पृष्ठभागावरचे अणू. प्लॅटिनमचा कण २ नॅनोमीटरचा असेल तर साधारण निम्मे अणू बाहेर असतात. उष्णतेने कण एकमेकांत मिसळून २० नॅनोमीटरचे झाले, की उरतात जेमतेम ५ टक्के. वजन तेवढंच!

म्हणून एक्स-रे गनचा दाखला इथे कुचकामी. ती मूलद्रव्य किती आहे ते मोजते. हजेरीपटावर सही आहे म्हणून माणूस कामाला लागलाय असं थोडंच असतं? त्यासाठी एक्स-किरण शोषणाचा वर्णपट घ्यावा लागतो. सलग प्लॅटिनममध्ये प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात, बारीक कणात सरासरी बरीच कमी. वापरलेल्या नमुन्यात हा आकडा १२ कडे सरकला, की कण फुगलेत हे समजावं.

काजळीचं म्हणाल, तर तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये ती बरीचशी जळून जाते. जळत नाहीत ते इंजिन ऑइलमधल्या झीजरोधक रसायनातले फॉस्फरस आणि जस्त. यातला फॉस्फरस जास्त घातक. सेरियम ऑक्साइड हे कन्व्हर्टरचं ऑक्सिजनचं कोठार. सेरियम +४ आणि +३ या दोन विद्युतभारित अवस्थांत ये-जा करत ऑक्सिजन घेतं-सोडतं म्हणून ते चालतं. फॉस्फरसशी जुळून त्याचं फॉस्फेट झालं की सेरियम +३ वर अडकतं. एक्स-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात (एक्स-किरणांनी पृष्ठभागातून उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून मिळणाऱ्या आलेखात) ९१७ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचं शिखर फक्त +४ चं असतं, ते खुजं झालेलं दिसतं. (निर्वातात एक्स-किरणांच्या माऱ्यानेही थोडं सेरियम +३ होतं, तेव्हा ताज्या नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय बोट दाखवू नये.)

आता धुणं. सौम्य आम्लाने थोडा फॉस्फरस निघतो, मान्य. पण एकजीव झालेले कण धुऊन सुटे होत नाहीत. आणि सुमारे १००० अंशांच्या वर धातूचे कण ज्यावर बसवलेले असतात तो सच्छिद्र गॅमा अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं एक रूप) बदलून घट्ट अल्फा रूपाचा झाला असेल, तर धातूला बसायला जागाच उरलेली नसते.