छप्पन्न, पंचावन्न की चोपन्न

अकरावीचं परम्युटेशन-कॉम्बिनेशन एकट्या पोराला कधीच नसतं, अख्ख्या घराला भोगावं लागतं. आमच्या भाच्याला गणित आलं, 0 आणि 1 घेऊन आठ अंकी बायनरी स्ट्रिंग किती, त्यात बरोब्बर तीन 1 असलेल्या किती आणि दोन 1 शेजारी-शेजारी न आलेल्या किती.

पहिलं सोपं, प्रत्येक जागेला दोन चॉइस, दोनाला आठ वेळा गुणा, 256. दुसऱ्यात आठ गुणिले सात गुणिले सहा आणि मग भागिले सहा, उत्तर 56. बायको म्हणाली, सहाने भागायचंच होतं तर गुणलं कशाला? आता त्याच तीन जागा सहा क्रमांनी निवडल्या जातात म्हणून भागायचं, हे मी कुकरच्या दोन शिट्ट्यांत सांगून बघितलं, पण तिचा मुद्दा जास्त पटण्यासारखा होता हे खरं.

आप्पा मराठीचे रिटायर्ड मास्तर. "अरे हे तर आमचं लघु-गुरू!" म्हणून त्यांनी ऱ्हस्व म्हणजे लघु अक्षर 0, दीर्घ म्हणजे गुरू 1 असं धरून, वृत्तांचे गण (तीन अक्षरांचे गट) लक्षात ठेवायचं यमाताराजभानसलगा हे सूत्र लिहून तीन-तीन अक्षरं पकडायला लावली. यमाता म्हणजे 011, मातारा 111, ताराज 110 असं सरकत सरकत नसल 000, सलगा 001, आठही गण एकेकदाच येतात. दहा अक्षरांत! हे मात्र भारी आहे राव.

तिसऱ्यात शेवटी 0 असेल तर आधीच्या सात अंकांना हाच नियम, 1 असेल तर त्याच्या आधी 0 हवाच, मग उरलेल्या सहांना हाच नियम. म्हणजे मागच्या दोन आकड्यांची बेरीज करत जायचं, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55. "आपल्या जैन पंडित हेमचंद्राचार्यांनी छंदांतल्या मात्रा मोजताना हेच काढलेलं, त्या इटलीच्या गणिती फिबोनाचीच्या 1202 च्या पुस्तकाआधी," एवढं ऐकवून आप्पांनी तरी सगळ्या ओळी लिहून काढल्याच, मास्तर माणूस, रीतीवर विश्वास नाही. निघाल्या 54.

राहिली होती आठ शून्यांची.

"ती कसली मोजायची? कोऱ्या पेपरला मी मार्क देत नसतो."

"आजोबा, मग न गण का धरता? तोही सगळा लघुच ना?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "न गणात अक्षरं तरी असतात, इथे नुसते भोपळे. तू उद्या 54 च सांग, सर काही बोलले तर म्हणावं आप्पांना फोन करा."