अठरापर्यंत थांबायचं कशाला?

मुलांच्या हातात पैशाचे व्यवहार अठरानंतरच द्यावेत असं लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १० वर्षांपुढची मुलं बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं सेव्हिंग खातं स्वतः चालवू शकतात, मग अकरावीतल्या मुलांना का नाही जमणार? आमची लेक पुण्यात कोथरूडहून डेक्कनला पीएमपीच्या बसने एकटी जाते, पास, वह्या, रिचार्ज सगळं तिच्याच खात्यातून, आणि महिनाअखेरीआधी पैसे संपले तर आम्ही मधे पडत नाही, हे फार गरजेचं आहे कारण हिशोब तेव्हाच डोक्यात बसतो. कुकर लावणं, डॉक्टरांना आपलं दुखणं आपण सांगणं हे पण शिकवा, मुलग्यांना तर नक्कीच. आणि हो, १७ पूर्ण झाले की मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो, तो त्यांचा त्यांनाच भरू द्या.