गोष्ट अंड्यांपासून सुरू करावी

मुलीकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात सहा महिने राहायला गेलात की एक ना एक दिवस नातू वही घेऊन समोर बसणार. शाळेत त्यांना राज्याचा इतिहास असतो. "आजोबा, १८६२ मध्ये डकोटा लोक गोऱ्यांवर का उठले?" डकोटा म्हणजे तिथले मूळ रहिवासी. गडबडू नका. गोष्ट कुठून सुरू करायची एवढं जमलं की पुढचं सगळं सुरळीत होतं. अंड्यांपासून सुरू करा.

१७ ऑगस्ट १८६२, रविवार. शिकारीहून रिकाम्या हाताने परतणारे चार डकोटा तरुण. ॲक्टनजवळ एका गोऱ्याच्या कुंपणाशी त्यांना कोंबडीची अंडी दिसतात. घ्यावीत की नकोत यावरून वाद, "तू गोऱ्यांना भितोस" असं डिवचणं, आणि त्या भरात पाच वसाहतवाल्यांचा खून. दुसऱ्या दिवसापासून मिनेसोटा नदीच्या काठाने कत्तल. शेकडो वसाहतवाले मेले. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. हे सगळं खरं आहे, त्यामुळे सांगताना आवाजही छान लागतो. मूठभर अंडी आणि एवढं रक्त! भावकीच्या भांडणात आपण नाही का, "आधी हात कोणी उचलला?" एवढंच विचारतो आणि बांध कोणी कोरला हा विषय पुढच्या तारखेवर ढकलतो. तसंच.

फक्त त्या रविवारच्या मागे जाऊ नका. एक पाऊल मागे टाकलंत की पोरगं विचारणार, "अंड्यांचं एवढं काय होतं?" मग भूक सांगावी लागते. जमिनीच्या बदल्यात करारात ठरलेले पैसे यादवी युद्धाच्या धामधुमीत अडकले होते, आणि पैसे आल्याशिवाय नेहमीसारखं धान्य वाटायचं नाही हे सरकारी एजंट थॉमस गॅलब्रेथचं शिस्तीचं धोरण होतं. कोठारात धान्य होतं हे नातवाला सांगू नका; त्या वयात शिस्तीची किंमत कळत नाही. ॲन्ड्रू मायरिक नावाच्या व्यापाऱ्याने तर "भूक लागली असेल तर गवत खा" अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं होतं. पुढे त्याचं प्रेत सापडलं ते तोंडात गवत कोंबलेलं. हा प्रसंग सांगायचा मोह होईल, कारण रंगतो. आवरा. गवत आलं की मागून भूक येतेच. अडकलेलं ७१ हजार डॉलरचं सोनं शेवटी रिजली किल्ल्यावर पोचलं, १८ ऑगस्टला. तोवर कत्तल सुरू होऊन काही तास झाले होते. सरकारी काम आहे, थोडं इकडे-तिकडे व्हायचंच.

१८५१ पर्यंत गेलात तर मात्र मेलातच.

त्या वर्षी ट्राव्हर्स द स्यू आणि मेंडोटा इथल्या दोन करारांत डकोटांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन लिहून दिली. किंमत तीस लाख डॉलरच्या आसपास, ऐकायला घसघशीत. पण तिचा मोठा हिस्सा हातात द्यायचाच नव्हता. सरकार तो आपल्याकडे ठेवणार, ५ टक्क्यांनी ५० वर्षं व्याज देणार, आणि ५० वर्षं भरली की मुद्दलही सरकारचंच. हे कलम ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही सावकाराने पागोटं काढून नमस्कार केला असता.

ट्राव्हर्स द स्यूला करारावर सह्या करून नायक वळतात तोच त्यांना एका पिंपापाशी नेलं. पिंपावर आणखी एक कागद होता. कराराचीच दुसरी प्रत असेल, असं नायकांना वाटलं. वाचून काही कोणी दाखवला नाही. तो होता व्यापाऱ्यांचा कागद: जमिनीच्या पैशातून आमची उधारी आधी वळती करा. उधारी किती? ते व्यापाऱ्यांच्या वह्या सांगणार. इथे 'ध'चा 'मा' करायचे कष्टही कोणाला पडले नाहीत. मग करार वॉशिंग्टनला गेला आणि सेनेटने डकोटांना राहायला ठेवलेल्या जमिनीचं कलमच खोडून टाकलं. नदीकाठची पट्टी वापरायला मिळाली ती मेहेरबानी म्हणून. १८५८ मध्ये तिचाही उत्तरेकडचा अर्धा भाग गेला, एकरी ३० सेंट या दराने, आणि तेही पैसे बरेचसे त्याच वह्यांत जिरले. अंडी दिसली ते कुंपण कोणाच्या जमिनीवर होतं, हा प्रश्न नातवाच्या डोक्यात येण्याआधी त्याला खायला काहीतरी द्या.

आणखी एक काळजी घ्या: माणसांची नावं दोनदा घेऊ नका. १८५१ मध्ये सरकारतर्फे करार करणारे अलेक्झांडर रॅम्झी आणि १८६२ मध्ये राज्यपाल म्हणून "डकोटांचा नायनाट करा, नाहीतर कायमचं हाकलून द्या" असं बजावणारे रॅम्झी एकच. वह्यांवाल्या व्यापाऱ्यांतले हेन्री सिब्ली आणि डकोटांवर फौज घेऊन गेलेले, मग त्यांच्यावर लष्करी खटले बसवणारे सिब्ली, तेही एकच. हौशी नाटकात तोच नट मिशी लावून पुन्हा येतो तेव्हा आपण ओळख दाखवत नाही.

शेवट कुठे करायचा तेही ठरलेलं आहे: लिंकनच्या दयेपाशी. ३९२ जणांवर खटले चालले, वकील कोणालाच नाही, काही खटले तर पाच मिनिटांच्या आत उरकले, आणि ३०३ जणांना फाशी सुनावली गेली. लिंकनने कागद मागवून पाहिले आणि २६ डिसेंबर १८६२ ला मॅनकेटोत फक्त ३८ जण लटकले. वजाबाकी नातवाकडून करून घ्या: २६५ वाचले. त्या ३८ मधला एक 'चास्का' या नावाच्या घोळात चुकून गेला, एका गोऱ्या बाईला आणि तिच्या मुलांना सांभाळणारा. चास्का म्हणजे थोरला मुलगा. घरोघरी एक असायचा. पण वजाबाकीत हे बसत नाही, तेव्हा सोडा.

सोळाशेच्या वर डकोटा बायका, मुलं आणि म्हातारे तो हिवाळाभर स्नेलिंग किल्ल्याखाली कोंडलेले होते आणि त्यांतले शंभराहून जास्त तिथेच मेले, हेही सोडा. किल्ला विमानतळाला लागूनच आहे. उतरताना खिडकीतून नदी बघा, छान दिसते.

डकोटांचा नायक ताओयातेदुता, गोऱ्यांच्या तोंडचा लिटल क्रो, वॉशिंग्टन पाहून आलेला होता. दिवसभर बोटं मोजत बसा, बंदुकवाले गोरे त्याहून वेगाने येतील, असं त्याने युद्धाला निघालेल्या तरुणांना आधीच सांगितलं होतं, आणि तरीही तो त्यांच्याबरोबर गेला. ३ जुलै १८६३ ला हचिन्सनजवळ मुलाबरोबर रासबेरी तोडत असताना एका शेतकऱ्याने त्याला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. गावकऱ्यांनी प्रेत रस्त्यातून ओढत नेलं आणि कानानाकात फटाके घालून उडवले. शेतकऱ्याला राज्याने ५०० डॉलर दिले. कवटी आणि केसांसकट कातडी राज्याच्या इतिहास संस्थेकडे राहिली, ती घरच्यांच्या हाती दफनासाठी आली १९७१ मध्ये.

चार जुलैच्या सुट्टीत नातू म्हणेल, "आजोबा, रासबेरी तोडायला जाऊ या." जरूर जा. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या. फक्त हचिन्सनच्या बाजूला नको.