ज्यानं पाठलाग केला, त्याची भीती

आम्ही फ्लोरिडातल्या सेमिनोल काउंटीत घर घेतलं तेव्हा पुण्याच्या मामेभावानं, आमच्या दादानं, शाळा कशा आहेत, हप्ता किती बसतो, काही विचारलं नाही. "म्हणजे त्या ट्रेव्हॉन मार्टिनच्या सॅनफर्डजवळ?" एवढंच. हो, त्याच. तिथं २०१२ मध्ये ट्रेव्हॉन हा निःशस्त्र काळा पोरगा गोळी लागून मेला आणि गोळी झाडणारा निर्दोष सुटला. सॅनफर्ड आमच्या लेक मेरी या गावाला खेटून आहे. भारतातून पाहुणे आले की मोन्रो तळ्याकाठी फिरवायला आम्ही त्यांना तिकडंच नेतो. तळं बघून झालं की निम्मे पाहुणे हळूच विचारतात, ते नेमकं कुठं झालं?

दादाचं मत पक्कं आहे. गोऱ्यानं काळ्या पोराला मारलं आणि सुटला, तुमची अमेरिका अशीच. इथल्या आमच्या मराठी मंडळात मात्र चहाच्या कपाबरोबर दुसरंच ऐकू येतं. त्या पोरानं हात कशाला उचलायचा, सरळ घरी जायचं की! दोन्ही बाजूंना निकाल तोंडपाठ आहे आणि खटला कुणालाच फारसा माहीत नाही.

तो दिवस रविवार होता, २६ फेब्रुवारी २०१२. संध्याकाळी पाऊस. सतरा वर्षांचा ट्रेव्हॉन मायामीकडून आलेला, वडिलांच्या होणाऱ्या बायकोच्या घरी उतरलेला. दुकानातून स्किटल्सच्या गोळ्या आणि कलिंगडाच्या सरबताचा कॅन घेऊन तो परतत होता, अंगात हुडी. वसाहतीच्या गस्तीचा स्वयंसेवक जॉर्ज झिमरमन, वय २८, गाडीत बसून त्याला न्याहाळत होता. त्यानं पोलिसांना फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, तुम्ही त्याच्या मागं जाताय का? हो म्हणाला. त्यावर, तशी गरज नाही, असं त्याला सांगण्यात आलं. पुढच्या काही मिनिटांत झटापट आणि एक गोळी. झिमरमनचं नाक फुटलं होतं, डोक्याला मागून जखमा होत्या. पोरगा घरापासून हाकेच्या अंतरावर मरून पडला होता.

दादाच्या 'गोऱ्या'बद्दल सांगायचं तर झिमरमनची आई पेरू देशातली. म्हणून वंशाचा प्रश्न संपत नाही, पण दादाला वाटतो तितका तो सोपाही राहत नाही.

दीड महिना अटक झाली नाही. वीस लाखांवर लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, मायामी हीट या बास्केटबॉल संघाच्या खेळाडूंनी हुडी घालून फोटो काढला, आणि मला मुलगा असता तर तो ट्रेव्हॉनसारखा दिसला असता, असं राष्ट्राध्यक्ष ओबामा म्हणाले. एका वाहिनीनं झिमरमनचा फोन असा कापून ऐकवला की पोरगा काळा आहे हे त्यानं आपणहून सांगितल्यासारखं वाटावं. खरं तर पोलिसांनीच त्याला तसं विचारलं होतं. वाहिनीला माफी मागावी लागली. पण तोवर ज्याला जे ऐकायचं होतं, ते त्यानं ऐकलेलं होतं.

बाहेर हा गदारोळ, आणि आत कोर्टात न्यायाधीश डेब्रा नेल्सन यांनी सरकारी वकिलांना बजावलं होतं की, आरोपीनं पोराला हेरलं असं म्हणा, वंशावरून हेरलं असं म्हणू नका. सगळा देश ज्या गोष्टीवर भांडत होता, ती सहा ज्युरी बायकांसमोर नाव न घेता मांडायची होती. बचावाचे वकील मार्क ओमारा यांनी शेवटच्या भाषणात काँक्रीटचा तुकडा आणून ठेवला. पोरगा निःशस्त्र नव्हता, फुटपाथ हेच त्याचं हत्यार होतं, हा मुद्दा. त्याच भाषणात ते चार मिनिटं गप्पही राहिले. एवढा वेळ पोराजवळ घरी पळून जायला होता, हे ज्युरीला जाणवावं म्हणून.

मला त्या चार मिनिटांचा राग येतो. फ्लोरिडात २००५ पासून कायदा आहे की, जिथं असण्याचा तुम्हाला हक्क आहे तिथून पळ काढायची सक्ती तुमच्यावर नाही. जिवाची रास्त भीती वाटली तर जागचं न हलता बळ वापरा. बचाव पक्षानं या कायद्याखालची, खटल्याआधीची वेगळी सुनावणी मागितली नाही, हे खरं. पण ज्युरीला दिलेल्या सूचनांत पळ न काढण्याचा हा हक्क होताच. तो झिमरमनला लागू. पोरानं मात्र पळायला हवं होतं! अंधारात अनोळखी माणूस मागं लागलाय, हे तो फोनवर मैत्रिणीला सांगत होता. त्याची भीती रास्त होती की नाही, हे त्या सहा जणींना कुणी ठरवायला सांगितलंच नाही. निकालानंतर ओबामांनी विचारलं होतं की, ट्रेव्हॉन सज्ञान आणि सशस्त्र असता तर त्यालाही त्या फुटपाथवर ठाम उभं राहता आलं असतं का? त्याचं उत्तर आमच्या राज्यात अजून कुणी दिलेलं नाही.

तरीही १३ जुलै २०१३ च्या निकालाबद्दल मी ज्युरीला दोष देत नाही. स्वसंरक्षण नव्हतं, हे निःसंशय सिद्ध करण्याचा भार सरकारवर होता आणि शेवटच्या मिनिटाचा एकमेव पुरता साक्षीदार मेलेला होता. माझं भांडण कायद्याशी आहे. त्याचं घड्याळ पहिल्या ठोशापाशी सुरू होतं. त्याआधी कोण गाडीतून उतरलं, कोण कुणाच्या मागं गेलं, याचा हिशेब जवळजवळ होतच नाही, कारण नुसतं मागं जाणं हा गुन्हा नाही. वंश नेमका त्या वगळलेल्या मिनिटांत असतो. ठोशात तो शोधून सापडायचा नाही.

'रास्त' कुणाची भीती, हेही बघावं. २०१० मध्ये फ्लोरिडातल्याच जॅक्सनव्हिलला एका कृष्णवर्णीय बाईनं, मारहाण करणाऱ्या नवऱ्याला धाक बसावा म्हणून गोळी झाडली, असं तिचं म्हणणं होतं. कुणाला ओरखडाही आला नाही. तिला हे संरक्षण नाकारलं गेलं आणि २०१२ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. खटला चालवणारं कार्यालय सरकारी वकील अँजेला कोरी यांचं, ज्यांनी झिमरमनवर आरोप ठेवले त्याच. अपिलात ती शिक्षा रद्द झाली, पण बाई तीन वर्षं तुरुंगात काढून तडजोडीनंतरच सुटली.

आमच्या मंडळातल्यांना हे सगळं परक्यांचं भांडण वाटतं. आपली घरं आहेत, किमती टिकायला हव्यात, गस्त हवीच. गेल्या हिवाळ्यात माझे अप्पा पंढरपूरहून आले होते. सकाळी माकडटोपी घालून, हात पाठीमागं बांधून ते चक्कर मारायचे आणि गुलाब दिसला की त्या अंगणासमोर थांबायचे. दुसऱ्याच दिवशी वसाहतीच्या ॲपवर कुणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्यातला धूसर फोटो: हा इसम घरांची टेहळणी करतोय, कुणी ओळखतं का? खाली 'सावध राहा' लिहिणाऱ्यांत मंडळातलेच एक गृहस्थ होते. हे माझे वडील आहेत, असं मी लिहिल्यावर बदामांचा पाऊस पडला. अप्पांना मी फक्त एवढंच सांगितलं की गुलाब आपल्या घरचे बघा.

२०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातेतून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ असेच फिरायला निघाले होते. शेजाऱ्यानं पोलिसांना कळवलं, एक काटकुळा काळा माणूस हिंडतोय. पोलिसानं त्यांना जमिनीवर आदळलं, मणक्याला इजा होऊन त्यांना अर्धांगवायू झाला. दोनदा ज्युरीचं एकमत होईना, शेवटी न्यायाधीशांनीच त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. 'आपण थोडेच काळे?' असं म्हणणाऱ्या आपल्या माणसांनी हा फोन जरूर आठवावा. फोन करणारा जात, डिग्री, व्हिसा विचारत बसत नाही.

आता दादाकडं वळते. भारतीय कायदा या बाबतीत मला जास्त शहाणा वाटतो. पोलिसांकडं धाव घ्यायला वेळ असेल तर खाजगी संरक्षणाचा हक्क नाही, हे जुन्या दंडसंहितेच्या कलम ९९ मध्ये होतं आणि नव्या न्यायसंहितेतही आहे. झिमरमन तर पोलिसांशीच बोलत होता. शिवाय स्वसंरक्षण होतं, हे आपल्याकडं आरोपीला दाखवावं लागतं. निःसंशय नव्हे, पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरतं. कागदावर तरी हे असं आहे.

पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजारच्या दिवशी पाच डवरी गोसाव्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. माणसं बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातली, भटक्या जमातीची, भिक्षेवर जगणारी. आजीच्या वेळी असे गोसावी दारात आले की ती सुपातून ज्वारी घालायची. त्या आठवड्यात दादा ग्रुपवर म्हणाला होता, "चूकच झाली, पण लोक घाबरलेले होते गं." घाबरलेले होतेच. झिमरमनही घाबरलेला होता. त्याच्या भीतीला दादा वंशद्वेष म्हणतो आणि राईनपाड्यातल्या भीतीला पोरांची काळजी. एकीकडं हुडी होती, दुसरीकडं मळके कपडे आणि झोळी.

बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, त्या वेळीही तेच. त्या गुन्ह्याबद्दल बोलायला शब्द नाहीत, आणि आरोपीबद्दल मला कसलाही कळवळा नाही. पण २३ सप्टेंबर २०२४ ला तो पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, पोलिसांनी स्वसंरक्षण म्हटलं, आणि मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले. दादानं त्यातला एक फोटो मला पाठवला. उच्च न्यायालयानं विचारलं, गोळी पायावर न मारता डोक्यात का? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं ते बळ समर्थनीय नसल्याचं म्हटलं. दादानं तो अहवाल काही पाठवला नाही.

आमच्या राज्यानं दरम्यान उलटी वाट धरली. २०१७ पासून खटल्याआधीच्या सुनावणीतला पुराव्याचा भारही आरोपीवरून सरकारवर गेला आहे. राज्य विधिमंडळाचे उमेदवार निवडणुकीआधी मंडळात येतात, समोसे खातात, घरपट्टी आणि शाळांवर बोलतात. गेल्या खेपेला मी विचारलं की, जो आपणहून मागं लागला, त्याला स्वसंरक्षणाचा दावा करताना आधी त्या पाठलागाचा जाब द्यायला लावणारी दुरुस्ती तुम्ही मांडाल का? उमेदवार म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि अध्यक्षांनी माइक पुढं दिला. नंतर ते मला म्हणाले, असले विषय आपल्या कार्यक्रमात कशाला? पुढच्या कार्यक्रमाला माझा तोच प्रश्न असेल, हे मी त्यांना तिथंच सांगून ठेवलं आहे.