जीभ दाखव, मग कॉफीचं बघू

मला फक्त कोपी पेंग हवी होती. कंडेन्स्ड दूध घातलेली, वर बर्फ, गोडमिट्ट. सिंगापुरातल्या तोआ पायोह भागात, कोपीतिआममध्ये, म्हणजे इथल्या साध्या कॉफी-हॉटेलात, माझा नंबर आला, मी तोंड उघडलं आणि नेमका खोकलो.

काउंटरवरच्या आंटीने बर्फाचं भांडं बंद केलं. "खोकला? नो आइस."

"साधाच आहे, आंटी."

"सुका की कफवाला?"

मागे रांग. "सुका," मी पुटपुटलो.

"जीभ दाखव."

चिनी वैद्यकात जिभेला केवढा मान आहे, हे मला ठाऊक आहे. पांढरा थर म्हणजे थंडी, पिवळा म्हणजे उष्णता. पण तिथल्या वैद्याची गोष्ट वेगळी. सिंगापुरात २००० च्या कायद्याप्रमाणे त्यांची रीतसर नोंदणी होते. आंटीकडे परवाना असलाच तर तो पेयं विकण्याचा. तरीही मी जीभ काढली. नाही म्हणायची सोयच नव्हती, असा तो आवाज!

"पिवळी! हीटी!"

अहो, ती हळद होती. सकाळी आईने व्हिडिओ कॉलवर नजरेखाली हळद-दूध प्यायला लावलं होतं. पण हे सांगणार कसं? जीभ बाहेर. तेवढ्यात मागचा टोपीवाला अंकल डोकावला. त्याला कडेला पांढरं दिसलं. म्हणजे थंडी. म्हणजे आलं.

"आलं? हीटी माणसाला?" आंटी उसळली. "नाशपती! खडीसाखर घालून वाफवायची, वर छुआन बेई या चिनी औषधी कंदाची पूड."

"त्यापेक्षा संत्रं."

"संत्र्याने कफ होतो!"

"कच्च्याने होतो. मीठ लावून वाफवलं की खोकला जातो."

पुढचं भांडण होक्कियन या चिनी बोलीत झालं. त्यात कुणी तरी दोनदा माझ्याकडे बोट दाखवून हसलं, एवढं मला कळलं.

सातव्या शतकात सुन सिमियाओ नावाचा थोर चिनी वैद्य लिहून गेला की आधी आहाराने बरं करून बघावं, ते जमलं नाही तरच औषध द्यावं. शहाणा माणूस. रांगेतल्यांचं मत घ्यावं, असं त्याने म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि यात मला नवीन काय होतं? ड्युरियन, लिची उष्ण. मूग, कलिंगड, कारलं थंड. ड्युरियनच्या जागी पपई घाला, की झालं आमचं घर! जवळजवळ चार हजार किलोमीटर लांब येऊन, स्वतः कमावलेल्या पैशांनी, मला हवं ते पिता येऊ नये? खोकला माझा, घसा माझा, आणि मत सोडून बाकी सगळं माझं.

शेवटी माझ्यासमोर शेवंतीच्या फुलांचा चहा आदळला. उकळता. "हा कूलिंग," आंटी म्हणाली. त्या कूलिंगने टाळू पोळली. वर तिने सुटे पैसे परत केले, कारण बर्फाचे जादा लागतात. म्हणजे रागवायलाही जागा ठेवली नाही.

पण मला खरा राग वेगळाच आहे. या शहरात आजाऱ्याने थंड पिऊ नये म्हणून अनोळखी माणसं भांडतात, आणि त्याच शहरातल्या माझ्या ऑफिसात एसी असा सुटलेला असतो की माणसं विषुववृत्तावर स्वेटर घालून बसतात. मी तक्रार केली. उत्तर आलं: जॅकेट आणा.