'गाईडमधून उचललंय' म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. 'कथेचे घटक' या माझ्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. बहिणाबाईंची भाषा चुकली, निवेदक आणि लेखक यांची गल्लत झाली, प्रतिमा आणि प्रतीक एकाच टोपल्यात टाकलं, आणि शेवटी, 'हे सगळं बी.ए.च्या गाईडमधून उचललेलं दिसतंय.'

पहिला मान्य. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची गाणी लेवा गणबोलीतली. मी अहिराणी लिहून बसलो; तीही खानदेशातलीच, पण वेगळी बोली. दुरुस्त केलंय, आभार.

पण ते शेवटचं वाक्य? चूक दाखवायची तर दाखवा, माणसाला चोर कशाला ठरवता?

माझं गाव शिंदखेडा तालुक्यात. धुळ्याला कॉलेजात जाण्याआधी कितीतरी हंगाम मी आजीबरोबर कापूस वेचलाय. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला घुसतात, बोटं चिरतात. आम्ही पोरं कुरकुरायला लागलो की आजी गोष्ट काढायची. एक सासुरवाशीण होती. विहिरीचा दोर एका जागी झिजलेला होता, हे आजी सुरुवातीलाच बोलता बोलता सांगून टाकायची. एकदाच. दोनदा सांगितलं असतं तर आम्ही पुढचं ओळखलं असतं. मग सासू, नणंद, माहेरचा भाऊ, सगळे येऊन जायचे आणि दोर आम्ही विसरलेलो असायचो. सून भरलेली घागर ओढायला लागली की आजी नेमकी थांबायची, ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करायची. आम्ही ओरडायचो, "मंग काय व्हयनं?" ती म्हणायची, आधी पुढची ओळ धरा.

त्या झिजलेल्या दोराला पूर्वसूचना म्हणतात आणि त्या थांबण्यातून उत्कंठा वाढते, हे शब्द मला कॉलेजात मिळाले. गोष्ट कशी बांधतात ते त्याआधीच हाताखालून गेलं होतं. लेखात दोराचंच उदाहरण आहे. ते कोणत्या गाईडात छापलंय, पान नंबर सांगा. आणि तुम्ही स्वतः कधी एक ओळ तरी कापूस वेचलाय का, तेही सांगा.

निवेदकाचं म्हणाल, तर भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीत (१९६३) गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडे नव्हेत, एवढं मलाही कळतं. त्याचं आडनाव नेमाड्यांच्या सांगवी गावावरून, त्या ओघात एक वाक्य सैल पडलं असेल. त्यावरून 'मूलभूत गोंधळ' म्हणायची गरज नव्हती. प्रतिमा-प्रतीकाचा वाद जुना आहे, तो इथे उकरत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ते एक वाक्य मात्र तुम्ही आपणहून मागे घ्यावं. लेखाच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलंय की हे सगळं आजीकडून आलंय. ती ओळ तुम्ही वाचलेली दिसत नाही.