पाय लगेजमध्ये टाकून प्रवास

मागच्या महिन्यात नाशिकजवळच्या ओझरहून विमानाने दिल्लीला गेलो. विमानाच्या दाराशी माझी व्हीलचेअर काढून घेतली आणि मला ‘आईल चेअर’वर बसवलं. सीटांमधल्या बोळातून जावी म्हणून ती इस्त्रीच्या टेबलाएवढी अरुंद असते. छातीवरून एक पट्टा, मांड्यांवरून दुसरा. उचलणारा पोरगा गोड होता. म्हणाला, “काका, पाय जरा वर घ्या ना.” मी म्हटलं, “बाळा, ते जमलं असतं तर तुला कशाला त्रास दिला असता?” तो इतका ओशाळला की पुढची दहा मिनिटं मीच त्याची समजूत काढत बसलो.

तक्रार त्या पोराबद्दल नाहीच. माझी खुर्ची माझ्या मापाची आहे: पाठीचा कोन, फूटरेस्टची उंची आणि मुख्य म्हणजे खालचं हवेचं कुशन. कमरेखाली मला काही जाणवत नाही, त्यामुळे विमानाच्या सीटवर कुठे टोचतंय, कुठे रग लागलीय हे कळायचा मार्गच नाही. एकदा असाच बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झाला तर चार महिने पालथा पडून काढले होते. म्हणून आता दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, नि शेजारचा विचारणार, “काही हवंय का?”

दिल्लीला खुर्ची सामानाच्या पट्ट्यावरून आली ती पुढचं चाक वाकडं होऊन. फॉर्मवर वस्तूचं वर्णन काय, तर ‘डॅमेज्ड बॅगेज’. बॅग फुटली तर माणूस पिशवीत कपडे भरून हॉटेल गाठतो. मी कशावर गाठू? एकट्या अमेरिकेत २०२३ या वर्षात विमान कंपन्यांनी ११ हजारांहून जास्त व्हीलचेअर-स्कूटर मोडल्या, हरवल्या किंवा उशिरा दिल्या. तिथे हा हिशेब सरकारला द्यावा लागतो, म्हणून निदान आकडा तरी कळतो.

हे सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, तर एकाने लिहिलं, “आता काय विमानात खुर्ची घेऊन बसणार?” हो, बसणार! एअरबस ३२० चं पुढचं दार ३२ इंच रुंद आहे, माझी खुर्ची २५. अडतं ते आतल्या बोळात. म्हणजे जागा दाराजवळ, पहिल्याच रांगेत हवी. जून २०२३ मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला विमानांच्या अंतर्गत सजावटीच्या प्रदर्शनात डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीच्या एका उपकंपनीने तसं सीट दाखवलंही. बैठक वर दुमडायची, खाली व्हीलचेअर लॉक करायची. खुर्चीवाला नसेल त्या दिवशी बैठक खाली आणि नेहमीचा प्रवासी. कंपनीचं एक तिकीटही बुडत नाही. त्याआधी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने अहवाल दिला होता की यात न सुटणारी तांत्रिक अडचण दिसत नाही, पुढच्या चाचण्या करा.

चाचण्या हव्यातच, त्यात लाड नकोत. विमानाच्या सीटला १६ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट, धक्का सोसावा लागतो. गाडीत बांधून नेण्यासाठी बनवलेल्या व्हीलचेअर ताशी ४८ किलोमीटरच्या, साधारण २० जीच्या धडकेत तपासतात, त्यामुळे सुरुवात शून्यातून नाही. पण माझ्या खुर्चीचं काय? तिचा फूटरेस्ट नाशिकमधल्या सातपूरच्या एका फॅब्रिकेटरने दोन इंच वाढवून वेल्ड केलाय. ती आहे तशी पास होणार नाही, हे मलाही कळतं. आपल्याकडच्या बहुतेकांच्या खुर्च्या अशाच जुगाडाच्या. म्हणून नुसतं ‘परवानगी द्या’ म्हणून भागणार नाही. कुठली खुर्ची चालेल, ती कुठे तपासून मिळेल, शिक्का कोण मारेल, हे डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, आत्ताच ठरवायला घ्यावं. परदेशातून तयार सीट आलं आणि त्यात बसायला आपली एकही खुर्ची पात्र नाही, असं नको.

वाकडं चाक घेऊन परत त्या सातपूरवाल्याकडे गेलो. सगळं ऐकून घेतलं, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, “काका, विमानात बोल्ट कुठं मारायचा तेवढं सांगा. बाकी मी बघतो.”